मागची चाकं सुटतात तेव्हा

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा माझ्याकडे पुण्याला राहायला आला होता. 'फास्ट अँड फ्युरिअस' या गाड्यांच्या शर्यतींवरच्या हॉलिवूड सिनेमालिकेचे सगळे भाग ओळीनं बघायचे, असा त्याचा पण. दुसरा भाग संपला, नावं वर सरकायला लागली आणि त्यानं रिमोटनं तिसऱ्या भागावरून उडी मारून थेट चौथा लावला. मी म्हटलं, "अरे, मधला राहिला की." तो सोफ्यावर पाय वर घेत म्हणाला, "तो सोडतात मावशी. त्यात डॉम नाही, ब्रायन नाही. फक्त हान आहे आणि तो मरतो. पण पुढं येतो की परत!" चौथा भाग सुरू झाला आणि खरंच, पहिल्याच प्रसंगात हान धडधाकट, मालिकेचा नायक डॉम याच्या टोळीत, धावत्या टँकरमागं गाडी दामटत होता. पोराला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मला मात्र रात्री ओटा आवरतानाही ते वाक्य सलत राहिलं. मरतो, पण पुढं येतो परत. बारा-तेरा वर्षांच्या पोरानं हे किती सहज मान्य करून टाकलं होतं.

तो तिसरा भाग, म्हणजे 'टोकियो ड्रिफ्ट', मी पहिल्यांदा पाहिला तो हॉस्टेलवर, मैत्रिणीच्या संगणकावर. बाकीच्या मुली पडद्यावरच्या कपड्यांबद्दल आणि केसांबद्दल बोलत होत्या. मी स्टिअरिंगवरचे हात बघत होते. आमच्या घरात ट्रक होता. आप्पा कोल्हापुराहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला माल न्यायचे; साखर, गूळ, जो मिळेल तो. त्यामुळे मला गाडी आवडते ती पळते म्हणून नव्हे. ती जड असते, वळणावर बाहेर ओढते, उतारावर मागून ढकलते, आणि हे सगळं सांभाळणारा माणूस आत बसलेला असतो, म्हणून आवडते. गाड्यांच्या सिनेमात हे क्वचित दिसतं. तिथं गाडी म्हणजे नुसता वेग. टोकियो ड्रिफ्टमध्ये मला पहिल्यांदा पडद्यावर गाडीचं वजन दिसलं.

त्या पार्किंगमधल्या शर्यतीत ते नीट दिसतं. अमेरिकेतून बापाकडं हाकलून दिलेला नायक शॉन, टोकियोत आल्या आल्या एका बहुमजली पार्किंगमध्ये शर्यतीला उभा राहतो. खाली सुरुवात, वर गच्चीवर शेवट, मध्ये चक्राकार चढण आणि काँक्रीटचे खांब. पुढं तिथला सर्वोत्तम चालक डीके याची निस्सान ३५०झेड आडवी होऊन, मागचा भाग भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवून, एकेक वळण चढत जाते. मागं हानची सिल्व्हिया ही गाडी घेऊन शॉन. सरळ रस्त्यावर निष्णात असलेला हा पोरगा पहिल्याच वळणावर गाडी भिंतीला घासतो. मग खांबाला. मग पुन्हा भिंतीला. बंपर लोंबायला लागतो, दारं चेपतात, काचा जातात. वर पोचेपर्यंत त्या देखण्या गाडीचं भंगार झालेलं असतं. नायकाला पहिल्याच मोठ्या प्रसंगात असं साफ हरवणं आणि ते तपशिलात दाखवणं, हे या मालिकेत ना आधी झालं, ना नंतर. गाडी अशी आडवी घसरवत वळण घ्यायची, म्हणजे ड्रिफ्टची, विद्या त्याला येत नाही एवढंच ते दृश्य सांगतं, आणि पुढचा निम्मा सिनेमा तो ती शिकण्यात घालवतो.

घाटात वाढलेल्या माणसाला ड्रिफ्टचं पहिल्यांदा भयच वाटतं. आप्पांचा सगळा जन्म मागची चाकं सुटू नयेत यासाठी गेला. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं असं उतरायचं की बॉनेटच्या पुढचं दिसायचं नाही. क्लीनर दार उघडून, पायरीवर उभं राहून कडेचा पांढरा पट्टा बघत ओरडायचा. केबिनमध्ये डिझेल, ओला किंतान आणि तापलेल्या ब्रेक-लायनरचा मिळून एक वास असायचा. साखरप्याला खाली उतरलं की आप्पा चहा सांगायच्या आधी चाकांजवळ जाऊन तो हुंगायचे आणि गाडी किती तापली ते ठरवायचे. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर त्यांना अजिबात खपायचे नाहीत. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. सुट्टीत मी सोबत गेले की म्हणायचे, "पोरी, गाडी आपल्या हातात पायजे, उताराच्या हातात न्हाई."

ड्रिफ्टवाला नेमकं उलट करतो, असं मला वाटायचं. पण नीट पाहिलं तर तो आप्पांचंच ऐकतो.

वळणात शिरताना तो ब्रेकवर पाय देतो, गाडीचा भार पुढं येतो, मागची बाजू हलकी होते. त्याच क्षणी हँडब्रेक किंवा क्लचचा झटका देऊन मागच्या चाकांची पकड तो मुद्दाम सोडवतो. मागचा भाग बाहेर फेकला जातो. आता स्टिअरिंग वळणाच्या उलट दिशेला आणि अॅक्सिलरेटर इतका नेमका की गाडी धड फिरून उलट्या तोंडाचीही होऊ नये आणि धड सरळही होऊ नये. म्हणजे गाडीची पकड सुटली तरी माणसाची सुटलेली नसते. भार कुठं आहे हे ज्याला पाठीच्या कण्यातून कळतं, त्यालाच हे जमतं. आप्पांना ते कळायचं. मागं पोती अर्धा फूट सरकली तरी ते वळण संपायच्या आत सांगायचे.

ही विद्या जपानच्या डोंगरातल्या घाटरस्त्यांवर वाढली. १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूनं ती ट्रॅकवर दाखवली, आणि केइची त्सुचिया नावाच्या तरुणानं ती रात्रीच्या घाटांत घासून घासून पक्की केली. त्याची टोयोटाची एटी-सिक्स ही गाडी फार ताकदवान नव्हती. उतारावर मात्र ती मोठ्या इंजिनांना मागं टाकायची, कारण उतारावर ताकदीपेक्षा भार सांभाळणं मोलाचं. पुढं लोक त्याला ड्रिफ्ट किंग म्हणू लागले. २०००च्या सुमारास ड्रिफ्टची रीतसर व्यावसायिक स्पर्धा जपानात सुरू झाली, त्यातही तो होता. या सिनेमात शॉन बंदरावर एकटाच सराव करत असतो, गाडी पुन्हा पुन्हा फिरून उलट्या तोंडानं उभी राहते, आणि कडेला गळ टाकून बसलेले मासेमार त्याच्यावर शेरे मारतात. त्या मासेमारांतला एक म्हणजे खुद्द त्सुचिया. ओळख करून दिलेली नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी तो तिथं बसलाय. दिग्दर्शक जस्टिन लिनचा हा आदर मला फार मोठा वाटतो. ज्यांची विद्या घेतली त्यांच्यातल्या थोरल्याला त्यानं पडद्यावर बसवलं आणि नायकाचं चुकतंय हे त्याच्या तोंडून सांगितलं.

गाड्याही बहुतांशी खऱ्याच चालवलेल्या आहेत. रिस मिलन, सॅम्युएल ह्युबिनेट, टॅनर फाऊस्ट असे स्पर्धेत ड्रिफ्ट करणारे चालक घेतले होते. शॉनची लाल मित्सुबिशी इव्होल्यूशन मुळात चारही चाकांना जोर देणारी. तिला आडवं धरता यावं म्हणून मागच्या दोनच चाकांवर आणली. हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही, पण टायरच्या धुरात आणि गाडी वळणाच्या टोकाला क्षणभर थबकते त्या थबकण्यात ते कळतं.

आणि तो रात्रीचा डोंगर. डीकेची मैत्रीण नीला शॉनला शेजारी बसवून गाडी चालवते. पुढं-मागं आणखी गाड्या. सगळ्या एका लयीत डावीकडं आडव्या होतात, सरळ होतात, मग उजवीकडं आडव्या. शर्यत नाही, पाठलाग नाही, कुणाला कुणाच्या पुढं जायचं नाही. ती हळू आवाजात स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलत असते, दिव्यांचे झोत झाडांवरून फिरत राहतात. कथा एक पाऊलही पुढं जात नाही. मालिकेच्या सगळ्या भागांमधलं सर्वांत सुंदर दृश्य कुठलं, असं विचारलं तर मी हेच सांगेन.

पण हा सिनेमा चांगला आहे असं मला सरळ म्हणता येत नाही, आणि त्याचा मला त्रास होतो. सुरुवातीलाच एक मुलगी शर्यतीचं बक्षीस म्हणून स्वतःला देऊ करते. तो प्रसंग गमतीचा म्हणून लिहिलाय. पुढं टोकियोत प्रत्येक शर्यतीआधी कॅमेरा मुलींच्या मांड्यांवरून फिरून मगच गाड्यांकडं येतो. ज्या नीलाच्या हातात इतकी देखणी गाडी दिली, तिच्याकडं शेवटच्या अर्ध्या तासात दोन पुरुषांमध्ये उभं राहण्यापलीकडं काम उरत नाही. जिला घाट असा उतरता येतो तिला शेवटच्या शर्यतीत कडेला उभी केली, हे मी आजही माफ करू शकत नाही. मग शॉन. लुकास ब्लॅक वाईट नट नाही, पण शाळकरी पोरगा म्हणून तो कुठंच पटत नाही. गणवेशात तो शिक्षकच वाटतो. वर्गात शिरताना बाहेरचे बूट काढून आतले घालायचे असतात हे त्याला माहीत नसतं, एवढा एक प्रसंग सोडला तर जपानी शाळेत परका पोरगा कसा जगतो याची सिनेमाला फिकीर नाही. त्याच्याभोवती गरजेपुरते सगळे इंग्रजी बोलतात. टोकियोतही गर्दी दिसते, निऑन दिसतात, पण सकाळी कामावर जाणारं, पावसात भिजणारं माणूस दिसत नाही. बरंचसं चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्येच झालं. शिबुयाच्या चौकात गर्दी दुभंगते आणि गाड्या मधून आडव्या जातात, त्या दृश्यातला चौकही मोठ्या प्रमाणात संगणकावर उभा केलेला.

सगळ्यांत बोचतं ते हे, की ज्या देशानं ही विद्या घडवली त्या देशातल्या सर्वोत्तम चालकाला बाहेरून आलेला पोरगा काही आठवड्यांत शिकून हरवतो. डीके उर्मट आहे, मत्सरी आहे. पण ती विद्या त्याच्या अंगात वर्षानुवर्षांच्या सरावानं मुरलेली आहे. शिकणं अवघड असतं हे इतक्या मनापासून दाखवणाऱ्या सिनेमानं शेवटी ते शिकणं इतकं उरकून टाकावं?

मग उरतो हान. सुंग कँगनं केलेला हान.

शॉन त्याची सिल्व्हिया भंगार करून आणतो तेव्हा तो रागावत नाही. पैशांची वसुली, निरोप, अशी कामं सांगून ती किंमत फेडून घेतो, आणि हळूहळू त्याला शिकवतो. शॉन कारण विचारतो तेव्हा त्याचं उत्तर असं, की आपल्या भोवतीचा माणूस कसा आहे हे कळणार असेल तर एका गाडीची किंमत काहीच नाही. हे तो चिप्स खात सांगतो. तो सतत काहीतरी खात असतो. पाचव्या भागात डॉमच्या टोळीतली गिझेल ताडते की हा आधी सिगारेट ओढणारा असणार, हातांना आणि तोंडाला काहीतरी लागतं. आमच्याकडं तंबाखू सोडलेले ड्रायव्हर असेच खिशात बडीशेप ठेवायचे, त्यामुळं हानचे हात मला ओळखीचे वाटले. तो शर्यतीत फारसा रस घेत नाही. जिंकून काय सिद्ध करायचंय हे त्याला कळत नाही. गच्चीवरून खालच्या गर्दीकडं बघत तो नियमांत आणि भीतीत जगणाऱ्या माणसांबद्दल बोलतो, तेव्हा त्याच्या आवाजात तुच्छता नसते, थकवा असतो. या मालिकेत मोठ्यानं बोलणारे पुष्कळ आहेत. गप्प राहून खोली भरून टाकणारा हा एकच.

आणि तो मरतो. डीके पाठलागावर, पुढं शॉन आणि नीला. हान मुद्दाम मागं रेंगाळतो, डीकेला अडवून धरतो, पोरांना निसटायला वाट देतो. चौकात आडव्या रस्त्यानं आलेली एक गाडी त्याच्या काळ्या-नारिंगी आरएक्स-सेव्हनवर आदळते. गाडी उलटते, क्षणभर तशीच राहते, मग पेट घेते. २००६च्या सिनेमात त्या आदळलेल्या गाडीत कोण होतं हे कळत नाही, कळायची गरजही नाही. रात्री भरधाव वेगात चौक ओलांडताना असंच होतं. घाटात, हायवेवर, आमच्या गावच्या तिठ्यावर असंच होतं. आप्पांचे जोडीदार असेच गेले. कुणीतरी चौकात आलं आणि संपलं. कुणाचा कट नव्हता. म्हणून ते मरण मला खरं वाटलं. ज्या सिनेमात गाडी भिंतीला घासली की पत्रा चेपतो, त्याच सिनेमात माणूस मेला की तो मेलेला असतो.

टोकियो ड्रिफ्ट मालिकेतला सर्वांत कमी कमाईचा भाग ठरला. सुमारे साडेआठ कोटी डॉलर खर्चाच्या सिनेमानं जगभरात सोळा कोटींच्या आत कमाई केली. शेवटच्या दोन मिनिटांत व्हिन डिझेल डॉम म्हणून येतो, आपण हानचे जुने सोबती असल्याचं सांगतो, आणि त्या पाहुण्या भेटीतून पुढचं सगळं उगवलं. २००९मध्ये जुनी मंडळी परतली. हान इतका आवडला होता की चौथ्या, पाचव्या, सहाव्या भागांचा काळच टोकियोच्या आधीचा धरला, म्हणजे तो जिवंत राहू शकेल. यातून एक चांगली गोष्ट घडली, हे मान्य करायला हवं. सहाव्या भागात त्याला वाचवताना त्याची प्रेयसी झालेली गिझेल जाते आणि दोघांनी मिळून ठरवलेल्या टोकियोला तो एकटाच निघतो. त्यानंतर तिसरा भाग पुन्हा पाहिला तर हानचा थकवा, पैशाबद्दलची बेफिकिरी, शर्यतीचा कंटाळा, सगळं शोक म्हणून दिसायला लागतं. २००६मध्ये हे कुणी योजलेलं नव्हतं. मागाहून चिकटवलेलं इतकं घट्ट बसल्याचं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

पण त्याच सहाव्या भागाच्या शेवटी सांगितलं गेलं की चौकातली ती गाडी जेसन स्टॅथमनं केलेला खलनायक शॉ चालवत होता आणि तो भावासाठी घेतलेला सूड होता. अपघाताचा खून झाला. २०१५च्या सातव्या भागात टोकियोची गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुढं सुरू होते, डॉम आणि शॉन समोरासमोर येतात, आणि त्याच रात्रीच्या शॉनचा चेहरा एकदम नऊ वर्षांनी थोराड झालेला असतो. याच भागात विमानातून पॅराशूटनं गाड्या खाली सोडल्या, अबुधाबीत गाडी एका टॉवरच्या काचा फोडून दुसऱ्यात गेली. मी ते थिएटरमध्ये बघितलं, टाळ्याही वाजवल्या. ब्रायन साकारणाऱ्या पॉल वॉकरच्या निरोपाला शेजारीपाजारी सगळे रडत होते, मीही रडले. २००१पासून त्याला बघत आलेल्यांना तो घरचा वाटत होता, आणि दोन रस्ते फुटताना दोन गाड्या वेगळ्या होतात एवढ्यात त्यांनी ते सांगितलं. तिथं सिनेमाला पुन्हा कळलं होतं की गेलेला माणूस गेलेला असतो. कारण तो खरोखर गेला होता.

मग २०२१मध्ये नववा भाग आला, पुन्हा जस्टिन लिनचाच. हानला न्याय द्या, अशी चाहत्यांची मोहीम बरीच वर्षं चालू होती. त्याच्या खुन्याला पुढं टोळीत सामील करून घेतलं होतं आणि त्याबद्दलचा चाहत्यांचा राग रास्तच होता. तर या भागात हान परत आला. तो मेलाच नव्हता, ते सगळं घडवून आणलेलं होतं, असा खुलासा झाला. आणि याच भागात एका जुन्या पाँटिअॅकला रॉकेट बांधून ती अवकाशात नेली. या दोन गोष्टी एकाच सिनेमात आल्या याचं मला नवल वाटत नाही. गाडीला पृथ्वी खाली ओढत नाही असं एकदा ठरलं, की मेलेल्या माणसालाही कुठली माती धरून ठेवत नाही. २०२३च्या दहाव्या भागाच्या शेवटी गिझेलही परतली. म्हणजे हानचा तो टोकियोतला शोकही गेला. ज्या दुःखानं मला तिसरा भाग नव्यानं दिसला होता, ते दुःखच त्यांनी काढून घेतलं.

त्यामुळं आता मी टोकियो ड्रिफ्ट एकट्यानं उभा असलेला सिनेमा म्हणून बघते. शेवटची शर्यत घाट उतरण्याची. बापाच्या अंगणात पडलेला १९६७च्या मस्टँगचा सांगाडा, त्यात शॉननं पार्किंगमध्ये भंगार केलेल्या सिल्व्हियाचं स्कायलाइन इंजिन. नौदलातला तो अबोल बाप पहिल्यांदा बाही वर करून मुलासोबत हत्यारं उचलतो. अमेरिकी पत्रा, जपानी इंजिन, हानची आठवण, आणि एका बाजूला कडा. गाड्या एकमेकींना घासतात, चाक रस्त्याच्या कडेवरून निसटता निसटता राहतं, खाली जमलेली पोरं मोबाइलच्या इवल्याशा पडद्यांवर ते बघत श्वास रोखतात. या शर्यतीच्या निकालाबद्दलची माझी तक्रार कायम आहे. पण उतारावर गाडी कशी ढकलते, वळण संपायच्या आत स्टिअरिंग कधी सोडायचं, हे त्या काही मिनिटांत जसं दिसतं तसं मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही. मस्टँग खाली पोचते, पोरं ओरडत तिच्याभोवती धावतात, आणि तिथंच मी सिनेमा बंद करते. डॉम यायच्या आधी.